कानातली अनामत

बाहेर सामसूम असते, तरी काहींच्या कानात रात्रंदिवस शिट्टी किंवा गुणगुण चालू राहते. डॉक्टर याला टिनिटस म्हणतात. हा आवाज बहुधा दुसऱ्या कुणाला ऐकू येत नाही. म्हणून घरच्यांनाही तो भासच वाटतो.

अशा रुग्णांसाठी ब्रिटनमध्ये १९७९ साली ब्रिटिश टिनिटस असोसिएशन स्थापन झाली. खासदार जॅक ॲश्ली यांचा तिला मोठा आधार होता. १९६७ साली कानाच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांना पूर्ण बहिरेपण आले. कानातला आवाज मात्र थांबला नाही. २०२२ साली संस्थेने टिनिटस यूके हे नाव घेतले.

अशी संस्था चालवते कोण? रोजचे काम पगारी माणसे करतात. जबाबदारी मात्र विश्वस्तांची. इंग्लंडात ते सहसा मानधन घेत नाहीत, फार तर प्रवासखर्च घेतात. निर्णय सगळ्यांनी मिळून घ्यायचा आणि जाबही सगळ्यांनी द्यायचा. आपल्याकडे धर्मादाय आयुक्त असतात, तसे तिथे चॅरिटी कमिशन देखरेख करते.

विश्वस्तांत हिशेब जाणणारा हवा, श्रवणतज्ज्ञ हवा. पण ज्याच्या कानात तो आवाज आहे, असा माणूसही हवा, असे मला वाटते. पैसा थोडा असेल, तर तो संशोधनाला द्यावा की हेल्पलाइनला? त्या वेळी झोपेविना काढलेली रात्र काय असते, हे तोच सांगू शकेल.

अरबीतल्या 'अमानत'चे मराठीत 'अनामत' झाले. देणगीदाराचा पैसा ही विश्वस्तांकडची अनामत आहेच. रुग्णाने विश्वासाने सांगितलेले दुखणे, हीसुद्धा अनामतच.