मुळीचा वनवास

चीनच्या युन्नान प्रांतातल्या वन्शान भागात डोंगरउतारांवर काळ्या जाळीचे मांडव पसरलेले दिसतात. त्यांच्याखाली वाढते सानची, जिनसेंगची सख्खी बहीण. (आपल्या सांचीच्या स्तूपाशी नात्यागोत्याचा संबंध नाही.) रक्तस्राव थांबवायला चिनी वैद्य तिची मुळी शतकानुशतकं वापरत आले आहेत, ‘युन्नान बायाओ’ या प्रसिद्ध औषधातही ती असते.

पीक मोठं लाडाचं. कडक ऊन सोसत नाही, मुळाशी पाणी साचून चालत नाही, काढणीला किमान तीन वर्षं थांबावं लागतं. एवढं करून त्याच वाफ्यात पुन्हा लागवड केली, तर रोपं पिवळी पडतात आणि मुळ्या तपकिरी होऊन कुजतात. म्हणून जमिनीला दहा-दहा वर्षांचा वनवास, कुठे त्याहूनही जास्त.

गुन्हेगार एकच असता तर बरं झालं असतं. फ्युजॅरियम, सिलिंड्रोकार्पॉन अशा बुरशा मातीत दबा धरून असतात आणि मांडवातला दमटपणा त्यांच्या पथ्यावरच पडतो. पण सानचीची मुळंही मातीत सॅपोनिन सोडतात. ज्यांच्यामुळे ही मुळी औषधी ठरली तीच ही द्रव्यं. साठत गेली की तिच्याच पुढच्या पिढीची रोपं मारतात. रोगकारक जंतूंना मात्र त्यांचा त्रास होईलच असं नाही. अमेरिकन जिनसेंगवरच्या प्रयोगांत असल्या द्रव्यांनी पिथियम या बुरशीसारख्या रोगजंतूची एक जात उलट जोमाने वाढली. पिथियमच्याच काही जाती आले आणि हळदीची कंदकूज घडवतात, त्यामुळे हे नाव सातारा-सांगलीतही परकं नाही.

मग उपाय काय? क्लोरोपिक्रिनने धुरी देता येते. पहिल्या महायुद्धात हाच वायू सैनिकांवर सोडला होता. त्याने रोगाची बुरशी मरते, तिला आवर घालणारे जिवाणूही मरतात. आणि रिकाम्या वाड्यात आधी उंदीरच शिरतात. मातीत वाफ सोडून ती 70 अंशांच्या आसपास अर्धा तास ठेवण्याचा मार्ग जास्त स्वच्छ, पण इंधनखाऊ. तिसरी युक्ती स्वस्त आहे: पिकाचे अवशेष किंवा कोंडा मातीत मिसळायचा, भरपूर पाणी द्यायचं आणि वर प्लास्टिक अंथरून दोन-तीन आठवडे माती कोंडायची. आतला प्राणवायू संपतो, सेंद्रिय आम्लं तयार होतात आणि बुरशी गुदमरते. सानचीच्या जुन्या वाफ्यांवरही हा प्रयोग झाला आहे. मात्र त्यानंतर ट्रायकोडर्मासारखी मित्रबुरशी मुरलेल्या शेणखतातून परत घालणं शहाणपणाचं. नाहीतर पुन्हा तोच रिकामा वाडा.

वनस्पतिरोगतज्ज्ञ जू यौयोंग यांनी वेगळीच वाट धरली. भाताच्या मिश्र वाणांमुळे करपा कमी होतो, हे दाखवणाऱ्या 2000 सालच्या संशोधनामुळे ते जगाला माहीत झाले. युन्नानच्याच लानत्सांग तालुक्यात त्यांनी सानची पाइनच्या जंगलात नेली. वर जाळी नाही, झाडांचीच सावली. खाली पाइनच्या सुयांचं आच्छादन. तिथे रासायनिक कीटकनाशकं वापरत नाहीत.

उतारा मात्र मांडवापेक्षा कमी पडतो, आणि हवं तसं पाइनचं जंगल प्रत्येकाच्या बांधाला नसतं. वन्शानचे काळे मांडव अजून उठलेले नाहीत.