आयकराचे टप्पे : समज, गैरसमज आणि आपला संसार



मार्च महिना जवळ आला की शाळेच्या शिक्षक-खोलीत, कचेरीत, एस. टी. आगारात एक वाक्य हमखास ऐकू येते : "पगारवाढ काय कामाची? वरच्या स्लॅबमध्ये गेलो की सगळी टॅक्समध्येच जाते." या एका समजुतीपायी कोणी बढती नाकारतो, कोणी जादा काम नको म्हणतो, तर कोणी घरातल्या शिकलेल्या सुनेने नोकरी करू नये असे ठरवून टाकतो. ज्या समाजात पगाराची स्लिप हाती येऊन एक-दोन पिढ्याच झाल्या आहेत, त्या समाजाला ही समजूत फार महाग पडते. म्हणून आयकराची आकारणी नेमकी कशी होते, हे बार्शीत आढळतील अशा संसारांची उदाहरणे घेऊन येथे मांडीत आहे.

समजूत आली कोठून?

ही समजूत अगदीच निराधार नाही. एके काळी ती खरी होती. १८५७ च्या उठावानंतर सरकारी तिजोरीत खडखडाट झाला, तेव्हा जेम्स विल्सन यांनी १८६० साली हिंदुस्थानात आयकर आणला. वर्षाला २०० ते ५०० रुपये मिळविणाऱ्यास शेकडा २ आणि त्याहून अधिक मिळविणाऱ्यास शेकडा ४ असा तो कर होता, आणि तो सगळ्या उत्पन्नावर होता. म्हणजे ४९० रुपयांवर पावणेदहा रुपयांच्या आसपास कर, तर ५१० रुपयांवर वीस रुपयांहून अधिक. मिळकत वाढली २० रुपयांनी आणि त्यातले निम्म्याहून अधिक करातच गेले! पुढे दर बदलत गेले, परंतु वरची पायरी चढताच नवा दर सगळ्या उत्पन्नाला लावण्याची रीत दीर्घकाळ चालली. १९३९ साली ती मोडली आणि आजची टप्प्यांची, म्हणजेच स्लॅबची रीत आली. रीत बदलली, भीती मात्र राहिली.

दुसरे कारण आपल्या घरातलेच आहे. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी असलेल्या भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला पालकांच्या उत्पन्नाची अडीच लाखांची मर्यादा आहे. ती एका रुपयाने ओलांडली तरी त्या योजनेतून नाव जाते. केशरी शिधापत्रिकेचीही एक मर्यादा असते. अशा मर्यादांचा अनुभव घेतलेल्या माणसाला वाटते की आयकरही असाच असणार. परंतु शिष्यवृत्तीची मर्यादा हा उंबरठा आहे, आयकराचा टप्पा ही जिन्याची पायरी आहे. दोहोंचा हिशेब वेगळा.

कणग्यांचा हिशेब

कल्पना करा की घरात धान्याच्या कणग्या ओळीने मांडल्या आहेत. वर्षाचे उत्पन्न प्रथम पहिल्या कणगीत पडते. ती भरली की उरलेले दुसरीत, ती भरली की तिसरीत. कराचा दर कणगीला चिकटवलेला आहे, माणसाला नव्हे. शेवटच्या कणगीत थोडे धान्य पडले म्हणून पहिल्या कणगीचा दर बदलत नाही. नवीन करप्रणालीतील आर्थिक वर्ष २०२५-२६ चे दर असे :

४ लाखांपर्यंत – कर नाही
४ ते ८ लाख – शेकडा ५
८ ते १२ लाख – शेकडा १०
१२ ते १६ लाख – शेकडा १५
१६ ते २० लाख – शेकडा २०
२० ते २४ लाख – शेकडा २५
२४ लाखांच्या वर – शेकडा ३०

पगारदारास यापूर्वी ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट मिळते. शिवाय करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर आलेला सगळा कर सूट म्हणून माफ होतो. जो कर शेवटी निघेल त्यावर शेकडा ४ आरोग्य व शिक्षण उपकर द्यावा लागतो.

तीन संसार, तीन हिशेब

पहिला संसार एका कमावत्याचा. समजा, एक मुख्याध्यापक वर्षाला १४,७५,००० रुपये मिळवितात. वजावटीनंतर उरले १४ लाख. पुष्कळांचा हिशेब असा : "शेकडा १५ च्या टप्प्यात आलो, म्हणजे १४ लाखांवर २,१०,००० रुपये कर." हे चूक आहे. पहिल्या ४ लाखांवर शून्य, दुसऱ्या ४ लाखांवर २०,०००, तिसऱ्या ४ लाखांवर ४०,००० आणि वरच्या २ लाखांवर ३०,०००, एकूण ९०,०००. उपकर धरून ९३,६००. एकूण पगाराच्या मानाने हे शेकडा साडेसहाही होत नाही. आता त्यांना वर्षाला एक लाखाची वाढ मिळाली, तर जादा कर उपकरासह १५,६०० रुपये पडेल आणि ८४,४०० रुपये घरी येतील. खालच्या कणग्यांना कोणी हात लावीत नाही.

दुसरा संसार दोन कमावत्यांचा. पती कचेरीत, पत्नी रुग्णालयात परिचारिका, प्रत्येकी ७,३७,५०० रुपये. घरात येणारा पैसा तोच, १४,७५,०००. पण आपल्या कायद्यात कर कुटुंबावर नसून प्रत्येक व्यक्तीवर स्वतंत्र आहे. प्रत्येकाची वजावट वेगळी, कणग्या वेगळ्या. दोघांचे करपात्र उत्पन्न १२ लाखांच्या पुष्कळ आत, म्हणून दोघांचाही कर शून्य. सुनेच्या पगाराने सासऱ्याचा किंवा नवऱ्याचा टप्पा वाढतो, असे म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानात घ्यावे. मात्र यात पळवाट शोधू नये. पतीने आपलाच पैसा पत्नीच्या नावे मुदत ठेवीत टाकला, तर त्याचे व्याज पतीच्याच उत्पन्नात धरले जाते. तिची स्वतःची कमाई तेवढी तिची.

तिसरा संसार व्यापार आणि शेती असा दुहेरी. बार्शीच्या बाजारपेठेत आडत दुकान चालविणाऱ्याचे करपात्र उत्पन्न १४ लाख आणि तुरीच्या शेतीचे २ लाख. शेती उत्पन्नावर केंद्राचा आयकर नाही, परंतु दर ठरविताना ते मोजले जाते. आधी १६ लाखांवरचा कर काढायचा : १,२०,०००. मग शेतीचे २ लाख अधिक करमुक्त ४ लाख, अशा ६ लाखांवरचा कर काढायचा : १०,०००. तो वजा करून उरतात १,१०,००० आणि त्यावर उपकर. शेती नसती तर ९०,००० लागले असते. शेतीच्या पैशाने खालच्या कणग्यांतली जागा अडविली, म्हणून दुकानाचा पैसा वरच्या कणगीत सरकला.

एक खरी अडचण

भीती सर्वस्वी खोटी आहे असे मात्र नव्हे. १२ लाखांच्या सुटीपाशी एक चिंचोळी पट्टी आहे. करपात्र उत्पन्न १२ लाख असेल तर कर शून्य; १२,१०,००० असेल तर टप्प्यांप्रमाणे ६१,५०० होतो. हा अन्याय होऊ नये म्हणून कायदा सीमांत सवलत देतो : १२ लाखांवर जेवढे जास्त मिळविले त्याहून अधिक कर नाही, म्हणजे येथे १०,००० आणि त्यावर उपकर. सुमारे १२,७०,५०० पर्यंत ही स्थिती राहते. या पट्टीत वाढीचा पैसा जवळजवळ सगळा करात जातो, हे खरे. त्यापुढे नेहमीचा जिना सुरू होतो. जुन्या करप्रणालीत विमा, भविष्यनिर्वाह निधी, घरकर्ज यांच्या वजावटी मिळतात. तेथे ५ लाखांच्या सुटीला असा आधार नाही. मर्यादा ओलांडताच साडेबारा हजारांच्या आसपास कर येतो. कोणती प्रणाली घ्यावी हे पगारदारास दरवर्षी ठरविता येते. तेव्हा दोन्हींचा हिशेब मांडूनच ठरवावे.

वाढता दर कशासाठी?

ज्याला जास्त झेपते त्याने जास्त भार उचलावा, हे या कराचे तत्त्व आहे. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे अर्थशास्त्रज्ञ होते. १९२७ साली मुंबई कायदेमंडळात अर्थसंकल्पावर बोलताना त्यांनी जमीन महसुलाची तुलना आयकराशी केली होती. ज्याचे उत्पन्न नाही त्याच्याकडून आयकर घेत नाहीत. शेतसारा मात्र लहानातल्या लहान शेतकऱ्यालाही, पीक येवो न येवो, भरावाच लागतो, हा भेद त्यांनी दाखविला. आजही साबण किंवा चप्पल घेताना वस्तू व सेवा कर मजुराला आणि मालकाला एकाच दराने लागतो. घेणाऱ्याचा खिसा पाहून दर ठरविणारा कर म्हणजे आयकरच होय.

१९७३-७४ साली वरचा दर अधिभारासह शेकडा ९७.७५ होता. तोही फक्त २ लाखांच्या वरच्या भागावर. त्या काळीसुद्धा वरच्या शंभरातले सव्वादोन रुपये मिळविणाऱ्याच्या हाती उरत. आज तर त्याहून कितीतरी अधिक उरतात.

विद्यार्थ्यांना एक विनंती. वर दिलेले दर पाठ करू नका. ते अर्थसंकल्पाबरोबर बदलतात. रीत शिकून घ्या. एकदा घरातल्या मोठ्यांची पगाराची स्लिप मागून घ्या, कागदावर कणग्या आखा आणि कर स्वतः काढून पाहा. घरात बढतीचा, बदलीचा किंवा सुनेच्या नोकरीचा विचार निघेल तेव्हा तो कागद सर्वांपुढे ठेवा. बढती नाकारायला दुसरी कारणे असू शकतील. आजारी आईवडील असतील, लेकरांची शाळा असेल. ती कारणे खुशाल विचारात घ्यावीत. पण कराच्या भीतीने कोणी आपली प्रगती अडवू नये.