उजनीच्या पाण्यावरील शरद

भीमेवरील उजनीचे धरण १९८० साली पुरे झाले, इंदापूर-करमाळ्याकडील काळी रानेच नव्हे तर पळसदेवचे प्राचीन पळसनाथाचे मंदिरही त्या पाण्यात बुडाले, आणि नदीच्या डोहांत पिढ्यानपिढ्या पाग टाकीत आलेल्या भोई कुटुंबांच्या वाट्याला एकाएकी अफाट जलाशय आला. डोहातील मासेमारीचे पंचांग नक्षत्रांवर चाले: हस्ताचा पाऊस सरला, चित्रा-स्वातीत पाणी निवळले, की हंगाम लागला असे खुशाल समजावे. जलाशयाने हे पंचांग प्रथम बदलले. ऋतूने ते पुढे विसकटले.

सोलापूरकडचा हा मुलूख पर्जन्यछायेतला असल्यामुळे येथे सप्टेंबरातील पाऊसच जोराचा, आणि पुण्याकडील धरणांचे पाणीही तोवर येऊन पोहोचलेले; त्यामुळे आश्विनात जलाशय तुडुंब भरतो, मासळी दूरवर पांगते आणि उन्हाळ्यात भरून येणारे जाळे या दिवसांत हलकेच लागते. त्यात कोजागरीच्या आसपासचे लख्ख चांदणे निवळ पाण्यात शिरले म्हणजे माशाला जाळ्याचा धागा दिसतो, म्हणून जाणते लोक अंधाऱ्या पंधरवड्याची वाट पाहतात. ऑक्टोबरच्या उन्हाने वरचा थर तापतो व खालचे थंड पाणी प्राणवायूला मुकते. पुढे कार्तिकातल्या रात्री गार होऊ लागल्या की वरचे पाणी जड होऊन खाली उतरते आणि तळाचे, कुजक्या गवताच्या वासाचे पाणी वर येते. अशा पहाटे भिगवणच्या बाजूला कटले पृष्ठाशी तोंडे काढून धापा टाकताना दिसतात. त्या दिवशी मासळी सहज हाती लागते खरी, परंतु त्यात हर्ष मानण्याजोगे काही नाही. पाणी आजारी असल्याचा तो दाखला होय. ३० अंशांच्या पाण्यात लिटरमागे साडेसात मिलिग्रॅमच्या आतबाहेर विरघळणारा प्राणवायू २० अंशांना नवाच्या घरात जातो, म्हणजे थंडी स्थिरावल्यावर मासा सुखाने श्वास घेतो. मात्र तेव्हा त्याची भूक मंदावलेली असते, आणि गळाला तो फारसा भुलत नाही.

आरंभीच्या काळात मान होता तो कटला, रोहू, मृगळ यांचा. पुढे पुणे-पिंपरीचे सांडपाणी वाढले, जलपर्णी पसरली, आणि आफ्रिकेहून आलेल्या, अंडी तोंडात सांभाळणाऱ्या चिवट चिलापीने जलाशय व्यापला. तिच्या पाठीवरचे काटे नायलॉनच्या जाळ्याच्या आसात असे रुततात की ते अंगठ्याने मागे दाबून एकेक मासा सोडवावा लागतो. एवढ्या कामातच सकाळ उलटते. उष्ण पाण्याची ही मासळी मार्गशीर्षात खोल पाण्यात उतरते आणि किनाऱ्यालगतची जाळी रिकामी येऊ लागतात.

हवामानाचे म्हणावे तर, भारतीय हवामान विभागाने २०२० साली मोसमी पाऊस राजस्थानातून परतू लागण्याची सर्वसाधारण तारीख १ सप्टेंबरवरून १७ सप्टेंबरवर नेली; भीमाकाठच्या लोकांना ते सरकारी दफ्तरात नोंदले जाण्यापूर्वीच जाणवले होते. २०१९ साली क्यार आणि महा या चक्रीवादळांच्या दिवसांत कार्तिकापर्यंत पाऊस लांबला. २०२० च्या ऑक्टोबरात पंढरपूर परिसरात असा पाऊस कोसळला, भीमेला असा पूर आला, की जाळी-होड्या सांभाळणे एवढेच कोळ्या-भोयांच्या हाती उरले. उलट २०२३ साली धरण भरलेच नाही, आणि पुढल्या उन्हाळ्यात साठा मृत पातळीच्याही खाली गेला. पाऊस असा लांबला की एकदा निवळलेले पाणी ऐन आश्विनात पुन्हा गढूळ होते, दरवाजे उघडले की मासळी प्रवाहाबरोबर खाली निघून जाते, आणि चित्रा-स्वातीचा जुना आडाखा फसतो.

पावसाळ्यात सोडलेले मत्स्यबीज या दिवसांत बोटाएवढे असते, आणि बारीक आसाच्या जाळ्यांत तेच प्रथम सापडते. म्हणून ठेका घेणाऱ्यांना व सरकारी अंमलदारांना एवढीच विनंती, की आश्विन-कार्तिकात बारीक आसाच्या जाळ्यांचा कडक बंदोबस्त करावा, आणि मासळी उतरते त्या प्रत्येक ठिकाणी रोज पहाटे पाण्याचे तापमान व प्राणवायू मोजून त्याची नोंद मच्छीमारांना वाचता येईल अशी फळ्यावर लिहावी.