धूर, नोझल आणि अनुमान

(पेण येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

मागच्या वेळी आपण अनुमानावर बोललो. शेवटी एका श्रोत्यांनी विचारलं होतं, "सर, डोंगरावर धूर दिसला म्हणजे तिथे अग्नी आहे, हे समजलं. पण रोजच्या व्यवहारात याचा उपयोग काय?" वेळ संपली होती, उत्तर राहून गेलं. आज ते माझ्या गाडीवरून देतो.

गाडी म्हणजे जुनी डिझेल अ‍ॅम्बॅसिडर, १९८८ सालची. मॉरिस ऑक्सफर्डच्या घराण्यातली. १९८० च्या सुमारास तिला १४८९ सीसीचं डिझेल इंजिन मिळालं आणि २०१४ साली तिचं उत्पादन बंद झालं. माझी अजून चालते. मध्यंतरी मात्र ती भंगारात जाणार होती, आणि तीही एका चुकीच्या अनुमानामुळे.

रोह्याला माझी थोरली बहीण राहते. पेणहून वडखळ, नागोठणे, मग भिसे खिंड आणि रोहा, हा माझा ठरलेला रस्ता. श्रावणाचे दिवस होते. पेणमधून गणपतीच्या मूर्तींचे टेम्पो निघायला लागले होते. खिंडीच्या चढावर गाडीनं असा काळा धूर सोडला की मागचा मोटारसायकलवाला हात ओवाळत पुढे गेला. तो आरती करत नव्हता, एवढं नक्की. सकाळी चालू करताना पांढरट धूर, इंजिनात ठोका, आणि नोझलच्या आसपास ओलं. एका गॅरेजात नेली. मेस्त्रींनी बॉनेटसुद्धा उघडलं नाही. मागे उभे राहिले, धूर पाहिला आणि म्हणाले, "सर, रिंगा गेल्या. इंजिन उतरवावं लागंल." सांगितलेला खर्च गाडीच्या किमतीपेक्षा जास्त होता. घरात एकमत झालं की गाडी विकून टाका. ताई तर म्हणाली, "रेल्वेनं ये रे बाबा."

आता मेस्त्रींचं अनुमान तपासू. 'धूर आहे, म्हणून रिंगा गेल्या.' न्यायशास्त्रात हेतू खरा केव्हा? तो साध्य सोडून दुसरीकडे कुठेही सापडत नसेल तेव्हा. धूर तर कितीतरी ठिकाणी सापडतो. एअर फिल्टर तुंबला तरी काळा धूर येतो, पंपाचं टायमिंग मागे पडलं तरी पांढरा. रिंगा झिजून तेल जळायला लागलं तर धुरात निळसर झाक दिसते, ती माझ्या गाडीत नव्हतीच. अशा भटक्या हेतूला नैयायिक सव्यभिचारी म्हणतात. धुरावरून एवढंच कळतं की इंधन नीट जळत नाहीये. का जळत नाही, ते धूर सांगत नाही.

नैयायिकांचाच आणखी एक मुद्दा इथे फार कामाचा आहे. अग्नीवरून धुराचं अनुमान करता येत नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धुरासाठी ओलं इंधन लागतं. ही जी मधली लपलेली अट, तिला ते उपाधी म्हणतात. आणि गंमत बघा, टपकणारं नोझल म्हणजे अक्षरशः ओलं इंधन!

ते कसं, हे सांगतो. गॅरेजात सगळ्या इंजेक्टरलाच नोझल म्हणतात, मीही तसंच म्हणेन. पंप ठरावीक क्षणी डिझेल दाबून पाठवतो. नोझलच्या आत एक सुई स्प्रिंगनं बसलेली असते. या जुन्या इंजिनांत दाब साधारण १२५ ते १५० बारपर्यंत गेला की सुई उचलते, डिझेलचा धुक्यासारखा फवारा आत जातो आणि सुई पुन्हा फटकन बसते. सुई आणि तिचं घर यांच्यातली जागा काही मायक्रॉनचीच असते. जोडी एकत्र घासून जुळवलेली असते, म्हणून एकाची सुई दुसऱ्याच्या घरात घालायची नाही. सुईची बैठक खराब झाली की फवाऱ्यानंतरही थेंब गळत राहतो. थेंबाभोवती हवा पुरत नाही, तो अर्धवट जळतो. वरून ठोका आणि धूर. न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल धुऊन खाली ऑइलमध्ये उतरतं. ऑइल पातळ झालं की बेअरिंग जातात. म्हणजे दुर्लक्ष केलं, तर मेस्त्रींचं भाकीत सहा महिन्यांनी खरं ठरलं असतं!

गळती एकाच जातीची नसते. पाइपाच्या नटाशी गळते ती डोळ्यांना दिसते. वरच्या बारीक परतीच्या पाइपाची गळती खाली ओघळते आणि भलत्याच जागी ओलं दिसतं. नोझलखालच्या तांब्याच्या वॉशरमधून डिझेल नव्हे, गॅस निसटतो. तिथे काळी काजळी साचते आणि फुस-फुस आवाज येतो. टाकीपासून पंपापर्यंतच्या पाइपात फट असेल तर ती गळण्याऐवजी हवा ओढते आणि गाडी सकाळी चालू व्हायला त्रास देते. बाहेरची गळती शोधायची तर इंजिन थंड असताना सगळं पुसून कोरडं करा, सांध्यांवर टाल्कम पावडर भुरभुरवा आणि गाडी चालू करून लांबून बघा. पावडर पहिल्यांदा जिथे भिजते तिथे मूळ आहे. माझ्या गाडीत ते परतीच्या पाइपाच्या वॉशरशी निघालं.

एक गोष्ट थांबून सांगतो, कारण इथे बोटं जातात. चालू इंजिनात दाबाच्या पाइपाची गळती हातानं चाचपू नका, पुठ्ठा धरा. बारीक फवारा कातडी भेदून आत शिरतो. बाहेर टाचणी टोचल्याएवढी खूण दिसते, दुखतही नाही, पण आत डिझेल पसरतं. असं झालं तर मलम लावून घरी बसू नका, ताबडतोब मोठ्या रुग्णालयात जा. शस्त्रक्रिया लागू शकते.

आतलं टपकणारं नोझल ओळखायला अन्वय-व्यतिरेक वापरायचा. मिलनं १८४३ च्या आपल्या तर्कशास्त्राच्या ग्रंथात ज्याला भेदाची पद्धत म्हटलं, त्याचाच हा सख्खा भाऊ. इंजिन संथ चालू ठेवा. डोळ्यांना चश्मा लावा, नटाभोवती फडकं गुंडाळा आणि एका नोझलच्या पाइपाचा नट अर्धा आटा सैल करा. त्या सिलिंडरला डिझेल मिळेनासं होतं. इंजिन अडखळलं तर तो सिलिंडर काम करत होता. काहीच फरक पडला नाही, तर तो आधीपासूनच कामचुकार. नट आवळा, पुढचा घ्या. हे फक्त जुन्या पंपाच्या गाड्यांत. आजच्या कॉमन रेल डिझेलमध्ये दाब १००० बारच्या वर जातो, तिथे नटाला हातही लावायचा नाही.

माझ्या गाडीत तीन नंबरला फरक पडला नाही. पण म्हणून नोझल दोषी ठरलं का? नाही. त्या सिलिंडरच्या रिंगा किंवा व्हॉल्व्हही असू शकतात. म्हणून रोह्याच्या एका पंप-नोझलवाल्यांनी पुढची पायरी केली, जी मला एखाद्या प्रमेयापेक्षा सुंदर वाटते. तीनचं नोझल एकला लावलं आणि एकचं तीनला. दोष नोझलबरोबर गेला तर नोझल, जागेवर राहिला तर सिलिंडर. दोष एक नंबरला गेला. रिंगा निर्दोष सुटल्या.

नोझल काढताना तीन नंबरच्या भोकात तळाला चिकटलेलं जुनं वॉशर निघालं. पूर्वी कुणीतरी त्याच्यावरच नवं ठेवून आवळलं होतं. दोन वॉशरांवर नोझल नीट बसत नाही, गॅस निसटतो, टोक तापतं. बिघाडाचं मूळ बहुधा तिथेच होतं. मग टेस्टरवर हातानं दाब दिला. सुई उचलण्याच्या दाबाच्या दहा-वीस बार खाली तो दहा सेकंद रोखून धरायचा. टोक कोरडं राहायला हवं. आमच्या नोझलनं चौथ्या-पाचव्या सेकंदालाच मोत्यासारखा थेंब धरला. ते हसून म्हणाले, "सर, हा तुमचा अग्नी."

टोकाची नवी जोडी बसवली, दाब जुळवला. बसवताना वॉशर नवं घेतलं. नवं मिळालंच नाही, तर जुनं लाल तापवून पाण्यात टाकलं की तांबं पुन्हा मऊ होतं. दोन्ही नट आलटूनपालटून थोडे थोडे आवळायचे. पाइपाचा नट आवळताना दुसऱ्या पान्यानं नोझल धरायचं आणि गळतंय म्हणून जोर लावायचा नाही, कारण पाइपाचं शंकूसारखं टोक दबलं की ते कायमचंच गळतं. शेवटी पाइपातली हवा काढायची. ऑइलच्या पट्टीवर पातळी वाढलेली होती आणि डिझेलचा वास येत होता, म्हणून ऑइल आणि फिल्टर त्याच दिवशी बदलले. परत येताना भिसे खिंडीत मी आरशात बघत होतो. धूर नव्हता.

मागच्या रांगेतून चिठ्ठी आली आहे: "माझी प्रीमियर पद्मिनी आहे, तिचं नोझल कुठे असतं?" पेट्रोल पद्मिनीला कार्ब्युरेटर असतो हो, हे नोझल नसतं. पेट्रोल ओघळत असेल तर फ्लोट आणि त्याची सुई बघा, पण आधी बॅटरी काढा आणि सिगारेट विझवा. बाकीचं चहा घेताना बोलू.