जळगाव-धुळे : विमानानं दहा मिनिटं!

"धुये कितलं दूर शे?" जळगावच्या एसटी स्टँडवर विचारून बघा. "हाई ते आठेच शे!" असं उत्तर येईल. हे 'आठेच' (म्हणजे 'इथेच') मोजायला बसलं की भलत्याच गमती हाती लागतात.

पट्टा बांधा, पट्टा सोडा. नकाशावर पट्टी ठेवली तर दोन्ही शहरांत अंतर भरतं सुमारे ८३ किलोमीटर. ताशी ५०० किलोमीटरनं उडणाऱ्या एटीआर विमानाला एवढं कापायला दहा मिनिटं पुरतील. अडचण एकच. जळगावला विमानतळ आहे. धुळ्याला गोंदूरची धावपट्टी आहे, प्रवासी विमान नाही.

कोणतं कुसुंबा? जळगावात कुसुंबा म्हटलं की विमानतळाची बाजू. धुळ्यात कुसुंबा म्हटलं की साक्रीचा रस्ता. नुसतं "कुसुंब्याला सोड" म्हणाल, तर विमान चुकलंच समजा.

जमिनीवरून किती? पाळधी, एरंडोल, पारोळा, मुकटी, फागणे करत साधारण ९५ किलोमीटर. पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग ६ आता ५३ झाला. नंबर बदलला, गावं तीच.

रेल्वेचा वळसा. धुळ्याला १९०० साली रेल्वे आली, पण चाळीसगावहून फाटा फुटून. त्यामुळे जळगावहून रुळांवरून जायचं, तर आधी पाचोऱ्यावरून चाळीसगाव गाठा, गाडी बदला आणि मग धुळं. एकूण दीडशेच्या आसपास किलोमीटर! सुरतेकडे जाणारी लाइन अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार घेते आणि धुळे शहराला बगल देते.

कलेक्टर धुळ्यात. १९०६ पर्यंत अख्खा खानदेश एकच जिल्हा होता आणि त्याचं मुख्य ठाणं धुळे. मग पूर्व आणि पश्चिम खानदेश झाले. त्याआधी जळगावकराचं कलेक्टर कचेरीत काम निघालं की धुळ्याची वाट ठरलेली.

जगाच्या मापानं. स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांत वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे हे नियमित उड्डाण जेमतेम पावणेतीन किलोमीटरचं आहे. वारा साथीला असताना ते ५३ सेकंदांतही झालंय. त्यापुढे आपलं दहा मिनिटांचं उड्डाण म्हणजे लांबचा प्रवास. उलट सिंगापूर-न्यूयॉर्क हे अंतर सुमारे १५,३०० किलोमीटर. तेवढ्यात जळगाव-धुळे जाऊन-येऊन ९२ फेऱ्या होतील.

चंद्राची वाट. धुळं पश्चिमेला, म्हणून तिथे सूर्य-चंद्र तीनेक मिनिटं उशिरा उगवतात. संकष्टीला जळगावकर ताटावर बसतो, तेव्हा धुळेकर अजून गच्चीवर मान उंचावून उभा असतो.

मावळतीचंही तेच. संध्याकाळच्या एसटीनं धुळ्याकडे निघालात, तर तीन मिनिटांचा उजेड फुकट मिळतो. तो पारोळ्याच्या स्टँडवर एका कटिंगमध्ये संपतो, ही गोष्ट वेगळी.