आय-आयचे वर्गीकरण : साम्य आणि वंशसंबंध

प्रस्तावना : प्राण्यांचे वर्गीकरण म्हणजे केवळ साम्यानुसार केलेली मांडणी नव्हे, त्यातून वंशसंबंध व्यक्त होणे अपेक्षित असते. मात्र प्रत्येक साम्य समान पूर्वजाकडून आलेले नसते. मादागास्करमधील आय-आय या निशाचर प्राण्याचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे.

ऐतिहासिक आढावा : फ्रेंच निसर्गअभ्यासक सोनेरा यांनी १७८२ मध्ये या प्राण्याचे वर्णन प्रसिद्ध केले. १७८८ मध्ये ग्मेलिन यांनी त्यास खारीच्या प्रजातीत स्थान दिले. आय-आयचे पटाशीचे दात उंदीर-खारींप्रमाणे आयुष्यभर वाढतात, प्रौढावस्थेत सुळे नसतात व शेपूट झुपकेदार असते; त्यामुळे हा निर्णय स्वाभाविक होता. पुढे रिचर्ड ओवेन यांच्या १८६३ मधील ग्रंथाने सविस्तर शरीररचनेच्या आधारे त्याचे नरवानर गणातील स्थान दृढ केले. पायाचा पकड घेणारा अंगठा, त्यावरील चपटे नख आणि नेत्रकोटराभोवतीचे पूर्ण अस्थिवलय ही लक्षणे या गणाशी जुळतात.

समस्येचे स्वरूप : आय-आय बारीक मधल्या बोटाने लाकडावर आघात करून अळ्यांचा वेध घेतो, दातांनी लाकूड पोखरतो व त्याच बोटाने अळी बाहेर काढतो. कृंतकांसारखे दात त्याच्यात स्वतंत्रपणे विकसित झाले. यास अभिसारी उत्क्रांती म्हणतात. याउलट ते बोट अन्य कोणत्याही नरवानरात आढळत नसल्याने नात्याविषयी काहीच सांगत नाही. म्हणजेच सर्वाधिक नजरेत भरणारी लक्षणे येथे वंशनिश्चितीस निरुपयोगी ठरतात. डीएनएच्या अभ्यासानुसार हयात लेमूरांमध्ये आय-आयची शाखा सर्वप्रथम विलग झाली.

जीवाश्मांबाबतही हीच अडचण येते. केनियातील प्रोपोटो या जीवाश्मास सिम्पसन यांनी १९६७ मध्ये लोरिसचा आप्त मानले. नंतर तो वटवाघळाचा ठरविण्यात आला. २०१८ मध्ये गनेल व सहकाऱ्यांनी तो आय-आयच्या शाखेशी जोडला. हा निष्कर्ष ग्राह्य धरल्यास लेमूरांचे पूर्वज आफ्रिकेतून मादागास्करला एकदाच नव्हे, तर किमान दोनदा पोहोचले असावेत.

समारोप : आय-आय ही आपल्या कुलातील एकमेव हयात जाती असून ती संकटग्रस्त आहे. काही भागांत अपशकुनी समजून तिची हत्या केली जाते. खार मानल्यास तिचा लोप ही अनेक जातींपैकी एकीची हानी ठरली असती. वंशवृक्षावरील खरे स्थान पाहता तिच्याबरोबर एक संपूर्ण प्राचीन शाखाच नष्ट होईल. वर्गीकरणातील अचूकतेचे महत्त्व यावरून स्पष्ट होते.