रस्त्यांत गाडी थांबविण्याचा अधिकार

गेल्या पालकसभेच्या शेवटीं एका गृहस्थांनीं उठून आम्हांस एक प्रश्न विचारला. त्यांचा सोळा वर्षांचा मुलगा शिकवणीहून परत येत असतां अलका चित्रपटगृहाच्या चौकांत वाहतूक पोलिसानें त्यास दुचाकी बाजूस घेण्यास सांगितलें. दिवा हिरवा होता, मुलाच्या डोक्यावर हेल्मेट होतें, वेगही बेताचा होता. "मुलानें कसलाही गुन्हा केलेला नसतां त्याला अडविण्याचा ह्यांना अधिकार काय?" असा त्यांचा सवाल होता, व सभेंतील पुष्कळ माना त्यांच्या बाजूनें हलल्या. कायदा पाहून सांगतों, एवढेंच आम्ही त्या वेळीं म्हणालों. शाळामास्तरानें न्यायाधीशाचा आव आणणें शोभत नाहीं. परंतु पुस्तक उघडून त्यांत काय लिहिलें आहे तें वाचून दाखविणें हा तर त्याचा धंदाच आहे.

पुस्तक म्हणजे मोटार वाहन अधिनियम, १९८८. मोटारगाड्यांसंबंधीं आपल्या देशांत १९१४ सालीं एक कायदा झाला, १९३९ सालीं दुसरा झाला, व हल्लींचा कायदा १ जुलै १९८९ पासून अंमलांत आहे. २०१९ सालीं त्यांत मोठी दुरुस्ती झाली. तो चाळतांना आम्हांस प्रथम आश्चर्य वाटलें तें असें कीं, पोलिसानें वाटेल ती गाडी केवळ तपासणीसाठीं थांबवावी, असें सरळ शब्दांत सांगणारें कलम त्यांत सांपडत नाहीं. थांबण्याविषयींचें म्हणून १३२ वें कलम आहे खरें, पण तें अपघाताचें. अपघात झाला असतां फौजदार किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या गणवेषांतील अंमलदारानें सांगितल्यास चालकानें थांबलें पाहिजे, आणि जरूर तेवढा वेळ, मात्र चोवीस तासांहून अधिक नव्हे, थांबून राहिलें पाहिजे. त्याच कलमांत आणखी असें आहे कीं, एखाद्या जनावराचा धनी आपलें जनावर मोटारीस बुजेल ह्या भीतीनें थांबण्यास सांगेल तर त्याचेंही ऐकावें. म्हणजे बैल हांकणाऱ्या शेतकऱ्याच्या हातांतही कायद्यानें मोटार थांबविण्याची सत्ता ठेवली आहे. लक्ष्मी रस्त्यावर ती वापरण्याचा प्रसंग आतां क्वचितच येत असेल.

मग चौकांतील शिपायाचा अधिकार कोठून आला? तो दोन कलमांच्या जोडीनें आला. वाहतुकीचें नियमन करणाऱ्या पोलिसानें दिलेली सूचना चालकानें पाळली पाहिजे, असें ११९ वें कलम सांगतें. सार्वजनिक जागीं मोटार चालविणाऱ्यानें गणवेषांतील कोणत्याही पोलिसानें मागतांच आपला परवाना दाखविला पाहिजे, असें १३० वें कलम सांगतें. धांवत्या गाडीवरून परवाना दाखवितां येत नाहीं. तेव्हां थांबणें त्यांत ओघानेंच आलें. ह्या कलमांतले दोन शब्द ध्यानांत ठेवण्याजोगे आहेत. एक "कोणत्याही": परवाना मागण्यास फौजदारच हवा असें नाहीं, साधा शिपाईही पुरे. दुसरा "गणवेषांतील": अंगावर गणवेष नसलेला इसम मी पोलिस आहें असें म्हणून परवाना मागूं लागला, तर ह्या कलमाचा आधार त्यास नाहीं. आणि तिसरा एक शब्द आहे, जो कलमांत मुळींच नाहीं. तो म्हणजे "संशय". परवाना मागण्यास संशय लागत नाहीं.

असें कां असावें, हें थोड्या विचारानें कळतें. हेल्मेट नाहीं हें दुरून दिसतें, लाल दिवा ओलांडला हें साऱ्या चौकास दिसतें. पण चालविणाऱ्याजवळ परवाना नाहीं, ही गोष्ट गाडीच्या कोणत्याही भागावर लिहिलेली नसते. ती विचारल्याशिवाय कळावयाची नाहीं. दिवा पाळून, बेताच्या वेगानें जाणारा सोळा वर्षांचा मुलगा बाहेरून निर्दोषच दिसतो.

हा प्रश्न इतर देशांसही पडलेला आहे. इंग्लंडच्या १९८८ च्याच रस्ते वाहतूक कायद्यांतील १६३ वें कलम स्पष्ट सांगतें कीं, गणवेषांतील शिपायानें सांगितल्यास चालकानें थांबलें पाहिजे. अमेरिकेंत ह्याच्या उलट झालें. डेलावेअर संस्थानांत एका पोलिसानें एक मोटार अडविली. तिनें कसलाही नियम मोडलेला त्यास दिसला नव्हता, दुसरें कांहीं काम हातांत नव्हतें म्हणून अडविली, असें त्यानेंच पुढें सांगितलें. १९७९ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें कीं, कारणावांचून अशी एकटी मोटार लहरीनें निवडून अडवितां येणार नाहीं. मात्र नाका घालून येणारी प्रत्येक मोटार थांबविली तर त्यास मनाई नाहीं. ह्यांतलें मर्म आमच्या विद्यार्थ्यांस सहज उमजेल. गुरुजींनीं सगळ्या वर्गाच्या वह्या तपासल्या तर कोणास राग येत नाहीं. रोज एकाच मुलाची वही मागितली तर त्या मुलाचें मन दुखतें, आणि तें दुखणें रास्त असतें. आपल्या कायद्यानें पोलिसास निवडण्याची मोकळीक दिली आहे. तरी नाकाबंदींत सर्वांसच थांबविण्याची पद्धत आम्हांस अधिक न्यायाची वाटते.

परवाना पाहणें ही मात्र पहिलीच पायरी. तिच्यापुढें जावयाचें तर पोलिसासही कारण लागतें, आणि हा भाग पालकांस बहुधा माहीत नसतो. श्वासाची तपासणी घ्या. २०३ व्या कलमाप्रमाणें चालक मद्य प्यालेला असावा असा संशय घेण्यास वाजवी कारण असेल तरच ती करण्यास सांगतां येतें. त्याबद्दल अटक केली, तर २०२ व्या कलमाप्रमाणें दोन तासांच्या आंत वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे, न झाल्यास त्यास सोडून दिलें पाहिजे. परवाना जप्त करावयाचा तर तो खोटा आहे, किंवा चालक पळून जाईल, अशासारखें मानण्यास आधार हवा, आणि २०६ व्या कलमाप्रमाणें त्याची पोच लेखी द्यावी लागते. गाडीच ताब्यांत घ्यावयाची तर परवान्यावांचून, वयाच्या अटीविरुद्ध अथवा नोंदणीवांचून ती चालविली गेली, असें मानण्यास कारण हवें. तें २०७ वें कलम. गाडीची किल्ली उपटून घ्यावी असें सांगणारें कलम आम्हांस कोठेंही आढळलें नाहीं.

कागदपत्रें घरीं राहिलीं तर? केंद्रीय नियमांतील १३९ वा नियम त्यासाठीं पंधरा दिवसांची मुदत देतो. शिवाय २०१८ पासून कागदपत्रें इलेक्ट्रॉनिक स्वरूपांतही चालतात. डिजिलॉकर किंवा एमपरिवहन ह्यांतून तीं मोबाइलवर दाखवितां येतात. खिशांत कागद नसणें आणि मुळांत परवानाच नसणें ह्या दोन गोष्टी कायद्यानें वेगळ्या मानल्या आहेत.

अंमलदारास कायदा विचारणें हा उद्धटपणा आहे, असें कित्येकांस वाटतें. प्रेषितांच्या कृत्यांत पौलाची गोष्ट आहे. त्यास फटके मारण्यासाठीं बांधलें असतां त्यानें जवळच्या शताधिपतीस शांतपणें विचारलें कीं, न्याय झाल्यावांचून रोमी मनुष्यास फटके मारणें तुम्हांस योग्य आहे काय? शताधिपति थबकला, वरिष्ठाकडे गेला, आणि पौलाच्या अंगास कोणी हात लावला नाहीं. पौलानें दोर तोडला नाहीं कीं ओरड केली नाहीं. कोणत्या कलमाखालीं, हें आपणही तितक्याच शांतपणें विचारावें. मात्र आधीं गाडी थांबवून.

पुणेकरांच्या बाबतींत अडचण बहुधा ह्या थांबण्याशींच असते. १ जानेवारी २०१९ पासून शहरांत हेल्मेटची सक्ती कडकपणें सुरू झाली तेव्हां तिच्याविरुद्ध कृति समिति उभी राहिली, आणि कांहीं मंडळींनीं डोक्यावर पगडी घालून दुचाकींची फेरी काढली. १२९ वें कलम पागोटें बांधलेल्या शीख माणसास हेल्मेटांतून सूट देतें. पुणेरी पगडीचा उल्लेख त्यांत नाहीं. त्याच वर्षींच्या जूनमध्यें मुख्यमंत्र्यांनीं, शहरांत हेल्मेटसाठीं लोकांस रस्त्यावर अडवूं नये, अशी सूचना पोलिसांस केली. कलम होतें तसेंच राहिलें, आणि दंड कॅमेऱ्यानें टिपून घरीं येऊं लागला. लोकांचा राग नियमापेक्षां चारचौघांत अडविलें जाण्यावर अधिक होता, असें आम्हांस वाटतें. परंतु कॅमेरा परवाना मागूं शकत नाहीं, आणि चालविणाऱ्याच्या डोळ्यांकडे पाहूंही शकत नाहीं.

१९ मे २०२४ च्या अपरात्रीं कल्याणीनगरांत एका भरधाव मोटारीनें मोटारसायकलीवरील दोघां तरुण अभियंत्यांचे प्राण घेतले. चालक म्हणून ज्यास पकडलें तो सतरा वर्षांचा होता. मोटारीची नोंदणी पुरी झालेली नव्हती. तिच्यावर क्रमांकाची पाटीही नव्हती. खटल्याविषयीं येथें कांहीं बोलणें योग्य नव्हे. परंतु पाटी नसलेली ती मोटार शहराच्या रस्त्यांवरून गेली, आणि त्या आधींच्या कोणत्या तरी चौकांत एखाद्या शिपायानें हात वर करून परवाना मागितला असता तर, हा विचार हीं कलमें वाचतांना आमच्या मनांतून गेला नाहीं.

म्हणून पोलिस दिसतांच गाडी वळवून गल्लींत उलट्या दिशेनें शिरण्याची जी युक्ति आमच्या वरच्या वर्गांतील मुलें एकमेकांस शिकवितात, आणि कधीं कधीं, सांगण्यास वाईट वाटतें, वडीलही मुलांस शिकवितात, ती आम्हांस फार भयंकर वाटते. थांबला असतां दंड झाला असता. गल्लींत समोरून येणाऱ्या रिक्षावर आपटल्यास काय होईल हें सांगावयास नको.

आतां त्या गृहस्थांच्या प्रश्नाचें उत्तर. मुलास थांबविणें कायदेशीर होतें, कारण परवाना मागण्यास गुन्हा घडावा लागत नाहीं. मुलाजवळ परवाना नव्हता, व त्या गाडीचा मिळणेंही शक्य नव्हतें. गीअर नसलेल्या, पन्नास सी. सी. पर्यंतच्या दुचाकीसाठीं सोळा वर्षें पुरतात, तिच्याहून मोठ्या गाडीस अठरा लागतात. तेव्हां गाडी ताब्यांत घेणेंही कायद्यास धरूनच झालें. पुढचा भाग त्यांना आम्हीं सभेंत न सांगतां कार्यालयांत बसवून सांगितला. २०१९ च्या दुरुस्तीनें आलेलें १९९ अ हें कलम मुलाच्या अशा गुन्ह्याबद्दल त्याच्या पालकास व गाडीच्या मालकास दोषी धरतें: तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार रुपये दंड, बारा महिने गाडीची नोंदणी रद्द, आणि मुलास पंचवीस वर्षें वय होईपर्यंत परवाना नाहीं. आपल्याला कळूं न देतां मुलानें गाडी नेली, किंवा ती नेऊं नये म्हणून आपण वाजवी काळजी घेतली होती, हें सिद्ध करण्याचें ओझें पालकावरच आहे. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "किल्ली मीच दिली होती."

तो मुलगा आतां पीएमपीच्या बसनें शाळेंत येतो. बस उशिरां आल्यानें पहिल्या तासास त्याची गैरहजेरी मांडली जाते, अशी त्याच्या वडिलांची नवी तक्रार सध्यां आमच्या मेजावर आहे.